फळं कमी केली तर फळं वाढतात : परसातल्या झाडांची विरळणी

मी दिवसा कोड लिहितो आणि उरलेल्या वेळात परड्यात फिरतो. मालवणजवळच्या आमच्या गावात नेटवर्क कधी असतं, कधी नसतं, पण आंबा-फणस मात्र नेहमी असतात. आजचा विषय त्यांचाच. झाडाला भरपूर फळं लागली, आणि त्यातली काही आपण स्वतःच्या हाताने काढून टाकायची. शेतीच्या भाषेत याला विरळणी म्हणतात.

ऐकायला विचित्र वाटतं ना? वर्षभर मोहोराची वाट बघायची, आणि फळ धरलं की तेच काढायचं?

पण नाशिकला द्राक्षाच्या बागेत जाऊन बघा. तिथे बायका कात्री घेऊन प्रत्येक घडातले मणी कमी करत असतात. घडात मण्यांची गर्दी झाली तर मणी फुगत नाहीत, एकमेकांना चेपतात. तिथे हा व्यवसायाचा भाग आहे, त्यासाठी मजुरी दिली जाते. आपल्या परसात मात्र हे काम कोणी 'काम' म्हणून धरतच नाही.

आधी कारण समजून घेऊ. फळ कशाचं बनतं? पानांनी उन्हात तयार केलेल्या साखरेचं. झाडाला पानं किती, हे फळं लागायच्या आधीच ठरलेलं असतं. आमच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर एकच आहे आणि रिक्वेस्ट वाढत चालल्यात. क्रॅश होत नाही, पण सगळ्यांनाच स्लो मिळतं. वीस फळं असली तर वीस मोठी होतील. साठ असली तर साठही बारीक राहतील, आणि वर झाड दमेल ते वेगळंच.

हे दमणं महत्त्वाचं आहे. आंब्याला मोहोर येतो तो फांदीच्या टोकाला, जून झालेल्या काडीवर. म्हणजे पुढच्या वर्षीचा मोहोर हवा असेल तर यंदा नवी पालवी फुटली पाहिजे आणि ती थंडीपर्यंत जून झाली पाहिजे. झाडाने सगळी ताकद फळांत घातली, की पालवी कमी फुटते, उशिरा फुटते. मग पुढच्या डिसेंबरात झाड नुसतं हिरवंगार उभं. 'हापूस एक वर्ष आड धरतो' असं आपण म्हणतो, त्यामागचं एक मोठं कारण हे आहे. अर्थात हापूसचा हा स्वभावच आहे, नुसत्या विरळणीने तो पूर्ण जात नाही. म्हणून तर वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात नीलम आणि हापूस यांच्या संकरातून दरवर्षी फळ देणारी 'रत्ना' ही जात तयार झाली. ती आली १९८१ साली. पुढे रत्ना आणि हापूस यांच्यापासून १९९२ साली 'सिंधू' आली, एकदम पातळ कोयीची.

आता गंमत बघा. हापूसच्या बाबतीत बरीचशी विरळणी झाड स्वतःच करतं. एका मोहोरात शेकड्यांनी फुलं असतात, त्यातली कितीतरी नुसती नर फुलं, त्यांना फळ धरायचंच नसतं. बाकीच्यांतून कणी धरते, वाटाण्याएवढी होते, आणि रोज सकाळी झाडाखाली सडा पडलेला दिसतो. लगेच आपला जीव खालीवर होतो, 'यंदा काय खरं नाय!' पण शंभर फुलांमागे एक फळसुद्धा शेवटपर्यंत टिकत नाही, हा आंब्याचा नेहमीचा हिशोब आहे. त्यामुळे हापूसला घाईने हात लावू नका. फळं गोटीएवढी होऊ द्या. तोवर झाडाने आपला निर्णय घेतलेला असतो. मग एकाच देठावर तीन-चार दाटीने राहिली असतील, तर डागाळलेलं, लहान, चेपलेलं असं बघून काढा.

हीच कागदी पिशवी बांधायची वेळ. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची शिफारस आहे, फळ गोटीएवढं असताना २५ बाय २० सेंटिमीटरची कागदी पिशवी. फळमाशीपासून बचाव होतो आणि सालही स्वच्छ राहते. पिशवी बांधायला प्रत्येक फळाजवळ जावंच लागतं, तेव्हाच कुठलं ठेवायचं ते ठरवून टाका. एका फेरीत दोन कामं.

दुसरी गोष्ट नवीन कलमांची. बऱ्याच जणांनी नर्सरीतून कलम आणून अंगणात लावलंय, आणि दुसऱ्याच वर्षी त्याला मोहोर आला म्हणून स्टेटसला फोटो टाकलाय. आनंद आहेच! पण हे होतं कसं? कोय कलमात खालचं रोप काही दिवसांचं असतं, पण वर बांधलेली काडी फळ देणाऱ्या मोठ्या झाडाची असते. म्हणजे अंग पोराचं आणि वय बापयाचं. त्या काडीला मोहोरायचं माहीत आहे, पण तिला पोसायला खाली ना मूळ आहे ना खोड. म्हणून पहिली तीन-चार वर्षं मोहोर खुडून टाकायचा. तो एक आंबा खायचा मोह आवरला, तर पुढची कितीतरी वर्षं झाड धड राहतं.

आणि आता आपला खरा हिरो, फणस.

आधी एक गैरसमज काढू. थंडीत फणसाखाली बोटाएवढे काळे पडलेले, बुरशी आलेले तुकडे पडतात. लोक म्हणतात, फणस कुजतायत, रोग आला. ते बहुतेक वेळा नर कणसं असतात. त्यांचं काम पराग देण्याचं. ते झालं की ती काळी पडून गळतात. त्यात काही चिंता नाही. मादी कणसं जाड देठावर असतात, त्यांचे फणस होतात.

फणस एक फळ नसतो, शेकडो फुलं एकत्र येऊन झालेला असतो. प्रत्येक गरा म्हणजे एक फूल. ज्या बाजूच्या फुलांना पराग मिळाला नाही, तिथे गरे धरत नाहीत आणि फणस त्या बाजूने बसका, वाकडा होतो. हे लहानपणीच ओळखता येतं. म्हणून पहिले काढायचे ते वाकडे. मग जिथे एकाच जागी झुबका लागलाय, तिथे एखाददुसरा ठेवून बाकीचे. दोन फणस एकमेकांना चिकटले की त्या फटीत ओल राहते आणि अळीला लपायला जागा मिळते. तिसरे, बारीक फांदीवरचे आणि घराच्या कौलांवर आलेले. पंधरा किलोचा फणस मे महिन्यात पडवीवर पडला तर काय होईल, याचा विचार फेब्रुवारीतच करावा लागतो.

काढताना देठ कोयत्याने कापा, ओढू नका. खोडाची साल सोलवटू देऊ नका, कारण फणस खोडावरच लागतो, पुढच्या वर्षीचे देठही तिथूनच फुटतात. हाताला आणि कोयत्याला तेल लावा, नाहीतर चीक दोन दिवस जात नाही. उंचावरचं काम सवयीच्या माणसालाच सांगा.

आणि काढलेलं फुकट जातं का? अजिबात नाही! तीच तर कुयरी. काजूचे ओले गर घालून केलेली कुयरीची भाजी ही आपल्याकडची विरळणीच आहे, फक्त तिला कोणी ते नाव दिलं नाही. मी एकदा आजीला विचारलं, "आजये, एवढे कित्याक काढतंस गो?" ती म्हणाली, "सगळेच ठेवलंस तर एकय धड गावाचो नाय रे." सोर्स आणि सिंकची सगळी थिअरी एका वाक्यात. मी ती नंतर इंटरनेटवर वाचली.

पेरूलाही हाच नियम. झुबक्यात तीन असतील तर एक ठेवा.

आता मला खरं म्हणजे जे बोलायचंय ते. आपल्यातले बरेच जण पुण्या-मुंबईला असतात आणि गावी येतात मे महिन्यात. फळं खायला. पण फळांचा निर्णय होतो जानेवारी ते मार्चमध्ये, जेव्हा घरी फक्त आई-बाबा किंवा आजी-आजोबा असतात. त्यांना चढवत नाही, कोयता उंच धरवत नाही, आणि माणूस मिळत नाही. मग सगळं तसंच राहतं. एक वर्ष झाड लगडतं, फांदी मोडते, पुढची दोन वर्षं काही लागत नाही. मग कोणीतरी म्हणतं, 'म्हातारं झालं झाड, घाला कुऱ्हाड.' झाड म्हातारं नसतं हो, त्याच्याकडे लक्ष द्यायला त्या दोन महिन्यांत कोणी नसतं.

म्हणून एक विनंती. सुट्ट्या लावताना सगळ्या मेमध्ये टाकू नका. फेब्रुवारीतला एक लाँग वीकेंड गावासाठी ठेवा. रात्रीची गाडी पकडा, सकाळी झाडाखाली उभे राहा, घरच्या मोठ्या माणसांना खुर्ची टाकून बसवा आणि विचारा, 'कुठलो ठेवू, कुठलो काढू?' त्यांना प्रत्येक फांदी पाठ असते. ते सांगतील, तुम्ही काढा. दुपारी कुयरीची भाजी, भाकरी आणि झोप. एवढंच.

आणि ज्यांचं घर बंद असतं, त्यांनी शेजाऱ्यांना फोन करून सांगा, 'कुयऱ्या काढून न्या, झुबक्यात एक-एक ठेवा.' त्यांना भाजी, तुमच्या झाडाला आराम.

तुमच्याकडे कुयरीला काय म्हणतात आणि भाजीत काय घालता, ते व्हॉइस नोट करून नक्की पाठवा. हा भाग गावच्या ग्रुपवर टाका, खास करून त्या भावाला, जो दर मेमध्ये विचारतो, 'यंदा आंबे बारीक का रे?'

भेटू पुढच्या भागात. येवा, कोकण आपलाच असा!