मुक्काम कोणत्या कांठीं?



गेल्या पावसाळ्यांत माझा एक जुना विद्यार्थी बाभुळगांवीं माझ्या घरीं आला. हल्लीं तो पुण्यास नोकरीला असतो. चहा झाला, मुलांची चौकशी झाली, आणि मग त्यानें मूळ विषय काढला. “गुरुजी, सहस्रकुंडाला जावयाचें आहे. बरोबर आई आहे, घरची मंडळी आहे, दोन मुलें आहेत. धबधब्याच्या अगदीं जवळ उतरायची जागा कोणती, तेवढें सांगा.” प्रश्न साधा होता. चाळीस मुलांच्या वर्गांत उभें राहून मीं याहून कठीण प्रश्नांचीं उत्तरें दिलीं आहेत. पण त्या दिवशीं मी कांहीं वेळ गप्पच बसलों. ‘अगदीं जवळ’ हे त्याचे दोन शब्द मला टोंचले. त्याचें कारण मी पुढें सांगणार आहें.

ज्यांनीं तें स्थळ पाहिलें नाहीं त्यांच्यासाठीं थोडें वर्णन केलें पाहिजे. पैनगंगा नदी बुलढाणा जिल्ह्यांत अजिंठ्याच्या डोंगरांत उगम पावते, पूर्वेकडे वाहत जाते आणि अखेरीस वर्धा नदीला मिळते. वाटेंत, आमच्या यवतमाळ जिल्ह्यांतील उमरखेड तालुका आणि नांदेड जिल्हा यांच्या सीमेवर, काळ्या खडकाचा एक रुंद बांध तिला आडवा येतो. तेथें नदी फुटते आणि अनेक धारांनीं एका अरुंद घळींत कोसळते. गिरसप्पा पाहून आलेला मनुष्य त्याची उंची पाहून नाक मुरडील. पण भाद्रपदांत पात्र भरून वाहूं लागलें म्हणजे जो घोष उठतो, तो ऐकल्यावर उंचीचा हिशेब कोणी करीत नाहीं. नांवांतलीं कुंडें मात्र पाहावयाचीं असतील तर उन्हाळ्यांत जावें. प्रवाहाबरोबर आलेले गोटे खडकाच्या खांचेंत अडकतात, गरगर फिरतात आणि वर्षानुवर्षें खडक पोखरीत राहतात. नगर जिल्ह्यांत निघोज येथें कुकडीच्या पात्रांत असेच रांजणखळगे आहेत. उन्हाळ्यांत सहस्रकुंडाचा प्रवाह अगदीं क्षीण होतो, कधीं कधीं आटतोही, आणि तीं कुंडें उघडीं पडतात. पावसाळ्यांत त्यांच्यावरून एकसारखें गढूळ पाणी जात असतें. पायाखालीं गुडघाभर पाणी आहे कीं पुरुषभर, हें वरून कोणासही सांगतां येत नाहीं.

आतां मुक्कामाचा प्रश्न. येथें पहिली गोष्ट ध्यानांत घ्यावयाची ती ही, कीं सहस्रकुंडाला दोन कांठ आहेत. हें ऐकून कोणी हंसेल. कोणत्या नदीला दोन कांठ नसतात? पण या नदीचे दोन कांठ पुष्कळ काळ दोन निराळे मुलूख होते. १८५३ सालीं निजामानें वऱ्हाड इंग्रजांच्या हवालीं केलें, तेव्हांपासून उत्तरेकडचा कांठ इंग्रजी अंमलाखालीं आणि दक्षिणेकडचा निजामाकडे, अशी वांटणी झाली. १९४७-४८ सालीं हैदराबादच्या मुक्तिसंग्रामांत पलीकडचे कार्यकर्ते नदी ओलांडून वऱ्हाडांत येत आणि उमरखेडला त्यांचा तळ असे. पुढें १ नोव्हेंबर १९५६ रोजीं विदर्भ आणि मराठवाडा एकाच राज्यांत आले आणि ती सरहद्द पुसली गेली. नदी मात्र राहिली, आणि रस्ते अजून त्या जुन्या वांटणीप्रमाणेंच धांवतात. उत्तर कांठावर मुरली हें गांव. तेथें जावयाचें तर आमच्याकडून यवतमाळ, आर्णी, महागांव, उमरखेड, आणि तेथून ढाणकी-बिटरगांवाकडच्या रस्त्यानें. दक्षिण कांठावर इस्लापूर. तिकडे जावयास हिमायतनगर किंवा किनवट गांठावें लागतें. समोरासमोर उभे राहिलेले दोन प्रवासी एकमेकांना हात करूं शकतील, पण संध्याकाळीं एका खोलींत भेटावयाचें असेल तर दोघांपैकीं एकाला दूरचा वळसा घालावा लागेल. नकाशावर बोट ठेवून ‘धबधब्यापासून जवळ’ अशी जागा जो निवडतो, त्यानें आधीं ती कोणत्या कांठावर आहे तें विचारलें पाहिजे. नातेवाईकांचीं दोन कुटुंबें दोन्ही कांठांना उतरलीं आणि दोन दिवस मोबाइलवरच बोलत राहिलीं, असाही प्रकार माझ्या माहितींत आहे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. पैनगंगेवर वरच्या अंगाला इसापूरचें मोठें धरण आहे. पावसाळ्यांत तें भरलें म्हणजे दरवाजे उघडून पाणी सोडतात आणि नदीकांठच्या गांवांना सावधगिरीचा इशारा देतात. परंतु दरवाजे बंद असले म्हणजे निर्धास्त व्हावें असेंही नाहीं. धरणाच्या खालीं हिंगोलीकडून येणारी कयाधू पैनगंगेला मिळते, आणि कयाधूच्या खोऱ्यांत पडलेला पाऊस याच धबधब्यावरून जातो. म्हणजे सहस्रकुंडावर ऊन पडलेलें असावें, मुलांनीं खडकावर डबे सोडलेले असावेत, आणि त्याच वेळीं, दुसऱ्या जिल्ह्यांत आदल्या रात्रीं पडलेला पाऊस मुकाट्यानें तिकडे चालून येत असावा, हें सहज शक्य आहे. आमच्या बाभुळगांव तालुक्यांत बेंबळा धरण झाल्यापासून नदी ही केवळ आकाशाकडे पाहून ओळखतां येत नाहीं, हें आम्ही कांठचे लोक शिकलों. पाहुण्यांना हें कोण सांगणार?

मला हें कोणी सांगितलें नव्हतें, अथवा सांगितलें असेल तर मीं ऐकलें नव्हतें. पस्तीस-एक वर्षांपूर्वीं मी शाळेचीं एकतीस मुलें घेऊन सहस्रकुंडाला गेलों होतों. बरोबर दुसरे एक शिक्षक होते. मुक्कामाला उमरखेडची एक धर्मशाळा मिळत होती. पण मीं विचार केला, इतक्या दूरवर मुलांना आणावें आणि रात्रीं धबधब्याचा आवाजही त्यांच्या कानीं पडूं नये, हें बरें नव्हे. तेव्हां नदीपासून हांकेच्या अंतरावर एक रिकामी पडवी मिळवून तेथें सतरंज्या टाकल्या. भाडें नाहीं, मोटारीचा खर्च वांचला, मुलें खूष. मी माझ्या हुशारीवर संतुष्ट होतों.

दिवेलागणीला हजेरी घेतली तेव्हां दोन मुलें कमी भरलीं. पुढचा अर्धा तास मला अजून आठवतो, आणि आठवला म्हणजे हाताला घाम सुटतो. दोघेही सकाळीं पाहून ठेवलेल्या एका खडकावर जाऊन बसले होते. सकाळीं त्या खडकाकडे जाणारी वाट कोरडी होती. आम्ही पोंचलों तेव्हां तिच्यावरून पाणी वाहत होतें. फार नव्हे, पोटरीभर. पण अंधार पडत होता आणि पाणी चढत होतें. मी कांठावरून त्यांच्या नांवानें हांका मारीत होतों आणि आवाजापुढें माझी हांक मलाच ऐकूं येत नव्हती. जवळच जाळें आवरीत असलेला एक भोई आला. त्यानें मला एका शब्दानेंही दोष दिला नाहीं. कंबरेला दोर बांधला, दुसरें टोंक आमच्या हातीं दिलें, आणि काठीनें तळ चांचपीत पलीकडे गेला. एकेका मुलाला पाठीवर घेऊन दोन खेपांत त्यानें दोघांना आणलें. दुसऱ्या खेपेस पाणी त्याच्या मांडीपर्यंत आलें होतें. मीं खिशांत होते तेवढे पैसे पुढें केले. तो म्हणाला, “गुरुजी, पैशाचं ऱ्हाऊ द्या. लेकरं नदीच्या तोंडाशी निजवाले आणली कशाले?”

या प्रश्नाला माझ्याकडे त्या वेळीं उत्तर नव्हतें. मुलें खोडकर होतीं असें म्हणणें सोपें होतें, आणि परत आल्यावर शाळेंत मीं तसेंच म्हटलें, हें आज कबूल करतों. पण मुलें खोडकर असणारच. उमरखेडला मुक्काम असता तर तीं खोडकर मुलें फार तर बाजारांत हरवलीं असतीं. दिवेलागणीची वेळ, कंटाळलेलीं पोरें आणि हांकेच्या अंतरावर चढती नदी, या तीन गोष्टी एकत्र आणण्याचें काम माझ्या मुक्कामाच्या निवडीनें केलें होतें.

म्हणून माझें मत असें बनलें आहे, कीं धबधबा दिवसां पाहावा आणि रात्रीं त्याच्यापासून दूर निजावें. हल्लीं ठिकठिकाणीं धबधब्यांच्या कुशींत तंबू ठोकून देण्याची हौस वाढली आहे. तंबूच्या दारांतून पांढरी धार दिसते असें छायाचित्र पाहून मंडळी आगाऊ पैसे भरून मोकळी होतात. तरुणांनीं साहस करूं नये असें माझें म्हणणें नाहीं. दोर, माहितगार माणूस आणि दिवसाचा उजेड घेऊन खडक उतरणें हें साहस. पण रात्रीं झोंपेंत नदीच्या शेजारीं असण्यांत साहस कोणतें, हें मला कळलेलें नाहीं.

मग उतरावें कोठें? उत्तर कांठाला जाणाऱ्यांस उमरखेड बरें. तालुक्याचें गांव आहे, डॉक्टर आहे, रात्रीं जेवण मिळतें. तेथून धबधब्याकडचा रस्ता ज्याला आमच्याकडे ‘बंदी भाग’ म्हणतात त्या जंगलांतून, पैनगंगा अभयारण्याच्या बाजूनें जातो. तेव्हां सकाळीं निघावें आणि ऊन कलण्यापूर्वीं परतावें. दक्षिण कांठासाठीं किनवट सोयीचें. तेंही तालुक्याचें ठिकाण असून आगगाडीचें स्टेशन आहे. मुंबईकडच्या मंडळींना नांदेडवरून रुळानें येतां येतें. सहस्रकुंड या नांवाचेंच एक लहानसें स्टेशन मुदखेड-आदिलाबाद मार्गावर आहे. मात्र सगळ्या गाड्या तेथें थांबत नाहींत, म्हणून नांवाला भुलून तिकीट काढूं नये. नांदेड शहरांत उतरून एका दिवसांत जाऊन येणारेही पुष्कळ आहेत. अंतर सुमारें शंभर किलोमीटर. लहान मुलें बरोबर असतील तर परतीची वाट फार लांबते.

जागा ठरवितांना मालकाला लोक गरम पाण्याचें विचारतात, गादीचें विचारतात. विचारावें, मीही विचारतों, माझे गुडघे मला तसें करावयास लावतात. पण त्याच्या आधीं एवढें विचारावें, कीं पूर आला तर तुम्ही बाहेर कोणत्या वाटेनें पडतां, त्या वाटेवर ओढे किती, आणि इसापूरचें पाणी सुटल्याचें तुम्हांस कोण कळवितें? ज्याला हें ठाऊक आहे तो चटकन् सांगतो, ओढ्याचें नांवही सांगतो. जो “कांहीं काळजी करूं नका साहेब” एवढेंच म्हणतो, त्याच्या गाद्या कितीही मऊ असोत, आपली पिशवी उचलावी.

माझ्या विद्यार्थ्याला मीं या सर्वांहून निराळा सल्ला दिला. त्याची आई सत्तरीची. तिला धबधब्याचें काय कौतुक? तिला रेणुकेचें दर्शन हवें होतें, हें मीं तिच्याशीं दोन शब्द बोलल्यावर कळलें. मुलानें तिला तें विचारलेंच नव्हतें. म्हणून त्याला म्हटलें, “बाळा, तूं माहूरला उतर.” आर्णीवरून धनोड्याला पैनगंगा ओलांडली कीं माहूर आलें. साडेतीन पीठांतलें तें एक पूर्ण पीठ. भक्तनिवास आहेत, धर्मशाळा आहेत. शेख फरीदचा वझरा म्हणून एक लहानसा धबधबा माहूरच्या परिसरांतच आहे; मुलांची पहिली हौस तेथें भागेल. एकदां धनोड्याला नदी ओलांडली म्हणजे दक्षिण कांठानेंच सारखणी, किनवट, इस्लापूर असें सहस्रकुंडाला जातां येतें. वाट लांबची आहे, पण पुन्हां पैनगंगा ओलांडावी लागत नाहीं. आईला भक्तनिवासांत विश्रांति, आणि तरुण मंडळींना धबधबा.

त्यानें माझा सल्ला मानला. आठ दिवसांनीं त्याचा टेलिफोन आला. मीं सर्व कांहीं सांगितलें होतें, फक्त पंचांग पाहावयाचें विसरलों होतों. तो गेला त्या दिवशीं पौर्णिमा होती. माहूरला पाय ठेवावयास जागा नव्हती आणि कोणत्याही भक्तनिवासांत खोली मिळेना. आईचें दर्शन झालें, पण त्याच संध्याकाळीं त्यांना किनवट गांठावें लागलें. तेथें एका साध्या खोलींत, रुळांच्या आवाजांत, रात्र काढली. सकाळीं इस्लापुरावरून धबधब्याला गेले, तर पाणी वाढलेलें म्हणून पोलिसांनीं लोकांना खडकावर उतरूं दिलें नाहीं. कठड्यामागून अर्धा तास पाहून परत फिरले.

“मुलें रुसलीं असतील,” मीं म्हटलें.

“रुसलीं होतीं,” तो म्हणाला. “पण गुरुजी, आईनं पंधरा मिनिटं हात जोडले होते. तिला वाटलं, आपण मुद्दाम तिलाच दाखवायला आणलंय.”

पुढच्या वर्षीं अश्विनांत, पाणी निवळल्यावर, पुन्हां जावयाचें त्यानें ठरविलें आहे. तिथि मात्र मीं आधींच पाहून ठेवावी, असें त्यानें बजावलें आहे, आणि नवें पंचांग मीं आणून ठेविलें आहे.