लायपोप्रोटीन ए : रिपोर्टात न दिसणारा आकडा

कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट हाती आला की आपण एलडीएलचा आकडा शोधतो आणि तो शंभराच्या आत दिसला की निर्धास्त होतो. पण नेहमीच्या रिपोर्टात सहसा नसणारा एक घटक आहे, लायपोप्रोटीन ए. नॉर्वेच्या कोरे बर्ग यांनी १९६३ मध्ये तो शोधला. त्याचं प्रमाण आईवडिलांकडूनच येतं. तेल कमी करा, रोज फिरायला जा (जायचंच, त्याचे इतर फायदे आहेतच), तरी हा आकडा फारसा हलत नाही. भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ मध्ये सुचवलं, की ही तपासणी आयुष्यात एकदा तरी करावी. डेसिलिटरमागे ५० मिलिग्रॅमच्या वर आकडा गेला, तर हृदयविकाराचा धोका वाढतो. मग एलडीएल, रक्तदाब, साखर आणि तंबाखू यांबाबत जराही ढिलाई चालत नाही. घरात कुणाला ऐन चाळिशीत हार्ट अटॅक आला असेल, तर ही तपासणी करायला अजिबात थांबू नये.

हा धोका म्हणजे रक्तवाहिनी हळूहळू अरुंद होण्याचा, आणि ती अरुंद होताना बरीच वर्षं काहीच जाणवत नाही. नंतर चालताना पोटरी भरून येते, थांबलं की बरं वाटतं. किंवा जिना चढताना छातीवर दाब येतो. ‘वय झालं’ म्हणून हे अंगावर काढू नका, डॉक्टरांना दाखवा.