हारीती आणि आपली लेकरं
(वर्धापनदिनी विहारात केलेलं भाषण)



मी गिरणी कामगार. पाळी सुटल्यावर वाचनालयात बसून वाचलं तेवढंच माझं शिक्षण, चुकलं तर सांभाळून घ्या.

मागच्या पौर्णिमेला एका ताईंनी विचारलं, "दादा, आपण २२ प्रतिज्ञा घेतल्या, देव सोडले. मग अजिंठ्याच्या लेण्यात मुलांची देवी कशी?"

प्रश्न रास्त आहे. दोन नंबरच्या लेण्यात उजवीकडच्या खोलीत हारीती बसलेली आहे. शेजारी नवरा पांचिक, मांडीवर मूल. काम पाचव्या शतकातलं. कथेप्रमाणे ती राजगृहाची यक्षिणी. स्वतःची पोरं पाचशे, आणि लोकांची पोरं खायची! बुद्धांनी तिचं धाकटं पोर भिक्षापात्राखाली लपवलं. ती वेडीपिशी होऊन शोधत आली. पाचशेतलं एक हरवलं तर तुझी ही गत, मग ज्यांना एकच आहे त्यांचं काय, असं बुद्धांनी विचारलं. तिनं ते खाणं सोडलं, पण लगेच म्हणाली, माझ्या पोरांनी खायचं काय? मला तर ही आपल्या चाळीतलीच बाई वाटते. तेव्हा विहारातून तिला रोज अन्न देण्याचं ठरलं. सातव्या शतकात आलेल्या इत्सिंग या चिनी भिक्खूनं विहारांतली तिची मूर्ती आणि तिच्यापुढं रोज ठेवलं जाणारं अन्न, दोन्हीची नोंद केलीय.

नेपाळात काठमांडूला स्वयंभू स्तूपाजवळ तिचं देऊळ आहे. नेवार बौद्ध तिला अजिमा म्हणतात, म्हणजे आजी. हिंदू शीतला म्हणून येतात. दोघंही लेकरं घेऊन येतात, देवीच्या रोगाच्या भीतीनं यायचे. त्यांना हसू नये. आपल्या भाषेत तर रोगाचं नावच देवी! पण तो रोग गेला लस टोचून. भारतात १९७५ साली शेवटचा रुग्ण सापडला, १९८० साली जगातून गेल्याचं जाहीर झालं.

आता घरचं सांगतो. माझी धाकटी बहीण गोवरानं गेली. गोवराची लस तेव्हा आमच्या वस्तीत पोचलीच नव्हती. शेजारणी आईला म्हणाल्या, "बौद्ध झालात, पाचवी पुजली नाहीस, सटवाई कोपली." आई काही बोलली नाही. पण ते तिच्या मनातून कधी गेलं नाही. माझ्या पोरांच्या वेळी, आम्हाला चोरून, तिनं पाचवीला पाटा मांडला होता. मी तिच्यावर ओरडलो. प्रतिज्ञा मला पाठ होत्या, आईचं दुःख पाठ नव्हतं.

पुढं तिला अजिंठ्याला नेलं. हारीतीची कथा सांगितली. सगळी ऐकून घेतली आणि म्हणाली, "म्हंजे बुद्धानं तिला मारली न्हाई?" म्हटलं, नाही, जेवायला घातलं. मग ती खाली वाकून बघायला लागली. मूर्तीच्या पायाशी पट्टीत शाळा कोरलीय. छडी घेतलेला गुरुजी, पुढची पोरं अभ्यासात, मागची खेळण्यात दंग. आई बोटानं एकेक पोर मोजत होती. बराच वेळ मोजत होती. आम्ही कोणी तिला चल म्हटलं नाही.