लेकरांची मोजदाद

हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव तालुक्यातल्या एखाद्या बाईला विचारा, "ताई, लेकरं किती?" तिला चार झालेली असली आणि त्यातलं एक गेलेलं असलं, तर ती म्हणेल, "तीन." यात खोटं काही नाही. अंगणात खेळतात तेवढी तिनं सांगितली. म्हणून राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात हा प्रश्न एका दमात विचारतच नाहीत. आधी जवळ राहणारे मुलगे किती, मुली किती. मग बाहेरगावी असलेले, सासरी गेलेल्या. त्यानंतर, जन्मून गेलेलं कुणी? बाई नाही म्हणाली तरी आणखी एकदा विचारायचं असतं: जन्मल्यावर रडलं, हाललं आणि काही तासांत किंवा दिवसांत गेलं, असं एखादं? कितीतरी वेळा चौथं लेकरू या शेवटच्या प्रश्नाला पुढं येतं.

अशा गेलेल्या लेकरांवरूनच एक दर काढतात. हजार जिवंत जन्मांमागं वर्षाच्या आत किती बाळं दगावतात, तो अर्भक मृत्युदर. नमुना नोंदणी पद्धतीच्या २०२० सालच्या आकड्यानुसार महाराष्ट्राचा दर १६ होता, देशाचा २८. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९ ते २१च्या फेरीत महाराष्ट्राचा दर २३ निघाला. राज्य एक, आकडे दोन. एक आकडा एका वर्षाचा, दुसरा आधीच्या पाच वर्षांचा. मोजण्याची रीतही वेगळी. पण आपल्या हिंगोलीचा दर किती, हे या दोन्ही अहवालांत शोधलं तर सापडत नाही.

का नाही, ते सांगतो. सर्वेक्षणात एका जिल्ह्यातली साधारण नऊशे घरं घेतात. समजा, तेवढ्या घरांत पाच वर्षांत साडेतीनशे बाळं जन्मली. राज्याचाच दर धरला तर त्यातली आठ गेली असणार. योगायोगानं ती पाच निघाली किंवा बारा निघाली, की जिल्ह्याचा दर चौदावर नाहीतर चौतिसावर जाऊन बसणार. असा आकडा छापणं म्हणजे लोकांची दिशाभूल, म्हणून तो छापत नाहीत. तीस हजार वस्तीच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचंही हेच. वर्षाला पाचशेच्या आसपास जन्म, आठ ते बारा मृत्यू. यंदा सहा आणि पुढच्या साली तेरा झाले, तर आरोग्य केंद्र बिघडलं असं लगेच म्हणता येत नाही. बैठकीत मात्र तसंच म्हणतात.

मग ग्रामपंचायतीची जन्म-मृत्यूची वही आहे ना? कायदा १९६९चा आहे, वही प्रत्येक गावात आहे. प्रश्न आहे तो बाळ त्या वहीपर्यंत पोचण्याचा. पाचवी पुजायच्या आधीच गेलेल्या बाळाचं ना बारसं होतं, ना नाव ठेवलं जातं. घरची माणसं गुपचूप माती देऊन येतात. नोंद करायची कुणाची? शाळेचा दाखला लागणार नाही, वारसाचा प्रश्न नाही. कागदाची गरज कुणालाच पडत नाही. कुठं कुठं "उपजतच मेलेलं होतं" असं लिहून विषय संपवतात. एकदा उपजत मृत्यू लिहिला, की ते बाळ अर्भक मृत्यूंत धरतच नाहीत.

त्यात आपल्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी. कळमनुरीची सून बाळंत होते वसमतला आणि नाजूक बाळाला नेतात नांदेडला. २०२३च्या ऑक्टोबरात नांदेडच्या सरकारी रुग्णालयात एका दिवसात २४ रुग्ण दगावले, त्यांत १२ नवजात होते. तेव्हा सगळीकडं नांदेडचं नाव गाजलं. पण त्या रुग्णालयात हिंगोली, परभणी आणि तेलंगणातूनही माणसं येतात. मृत्यूची नोंद जिथं मृत्यू झाला तिथं होते, हा कायदा. म्हणजे बाळ आपलं आणि नोंद शेजारच्या जिल्ह्यात.

ऊसतोडीचं त्याहून अवघड. दसरा-दिवाळीला मुकादमाची उचल घेऊन जोडपी कारखान्याकडं निघतात, ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. दोन-अडीच महिन्यांचं बाळ कोपीत थंडीनं किंवा निमोनियानं गेलं, तर इथल्या आशाताईच्या, म्हणजे गावच्या आरोग्य स्वयंसेविकेच्या, वहीत ते "बाहेरगावी" एवढंच राहतं. तिथल्या आशाताईच्या यादीत ते कुटुंबच नसतं.

नोंदवह्या अपुऱ्या असताना मोजायचं कसं, यावर जगभर बरंच डोकं चाललं आहे. विल्यम ब्रास नावाच्या स्कॉटिश संख्याशास्त्रज्ञानं आफ्रिकेतल्या देशांसाठी एक युक्ती काढली. आयांना फक्त दोन गोष्टी विचारायच्या: किती झाली आणि किती आहेत. वीस ते चोवीस वयाच्या आयांची किती मुलं गेली, यावरून दोन वर्षांच्या आत मरण्याचा धोका काढता येतो. तिशीतल्या आयांवरून पाच वर्षांच्या आतला. तारीख आठवायची गरज नाही, दाखला नको. आपल्या जनगणनेतही हे प्रश्न असतात.

दुसरी युक्ती आपल्या देशातली. १९४९ साली चंद्रशेखरन आणि अमेरिकेचे डेमिंग यांनी कलकत्त्याजवळच्या सिंगूरच्या माहितीवरून ती मांडली. हेच चंद्रशेखरन पुढं मुंबईच्या लोकसंख्या संस्थेचे संचालक झाले. समजा, काही गावांत ग्रामसेवकाच्या वहीत वीस बालमृत्यू आहेत. दुसऱ्या माणसानं ती वही न बघता घरोघर फिरून चोवीस शोधले. दोन्हीकडं सापडणारे सोळा. म्हणजे घरोघर सापडलेल्या चोवीसपैकी सोळाच वहीला माहीत होते, तीनातले दोन. वही दोन-तृतीयांश मृत्यू पकडत असेल, तर तिच्यातले वीस म्हणजे खरे तीस. दोघांना मिळून सापडले अठ्ठावीस. उरलेले दोन कुणीच पाहिले नाहीत, तरी हिशेबात आले. अट एवढीच, की दुसऱ्यानं पहिल्याची वही उतरवून काढायची नाही. नमुना नोंदणी पद्धत याच विचारावर उभी आहे: गावातला गणक वर्षभर लिहितो, पर्यवेक्षक सहा महिन्यांनी स्वतंत्र येतो, मग दोन्ही याद्या ताडून बघतात.

महाराष्ट्रात न नोंदलेल्या बालमृत्यूंचा हिशेब चव्हाट्यावर आणला तो गडचिरोलीच्या डॉ. अभय बंग यांनी. तेरा स्वयंसेवी संस्थांनी गावागावांत आणि वस्त्यांत जन्म-मृत्यू मोजले आणि २००१ साली 'कोवळी पानगळ' हा अहवाल आला. राज्यात दर वर्षी पावणेदोन लाखांच्या घरात बालमृत्यू होतात, असा त्यांचा अंदाज होता. सरकारी कागद त्याच्या जवळपासही नव्हते. गदारोळ झाला, सरकारला बंग यांच्याच अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली.

तेव्हापासून बराच फरक पडला आहे. आशाताई बाळंतिणीच्या घरी बेचाळीस दिवसांत सहा-सात फेऱ्या करते, बाळाचं वजन करते, ताप बघते. ती पद्धत गडचिरोलीतच घडली. एक गोष्ट मात्र मला खटकते. जिच्या वहीत मृत्यू जास्त, तिला बैठकीत उभं करतात. जिच्या वहीत शून्य, तिचं कौतुक. पाचशे जन्म आणि वर्षभरात एकही मृत्यू नाही, अशी वही माझ्यासमोर आली तर मी आधी तीच तपासायला घेईन.

जाता जाता कामाचं सांगतो. बाळ एक दिवसाचं असताना गेलं तरी जन्म आणि मृत्यू अशा दोन्ही नोंदी करायच्या असतात. एकवीस दिवसांत पैसे लागत नाहीत. तीस दिवसांपर्यंत विलंब शुल्क, आणि वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश. ऊसतोडीच्या फडावर असाल तर नोंद तिथल्याच ग्रामपंचायतीत होईल. तिची प्रत घेऊन या आणि गावी आल्यावर आशाताईला दाखवा.