मुंबई कोणी सोडली?

(कोल्हापूर येथील कार्यकर्त्यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)

आजरा, चंदगड, भुदरगड, गडहिंग्लज या तालुक्यांत हिंडताना सत्तरीच्या घरातला असा एखादा गृहस्थ भेटतोच, ज्याची उमेदीची वर्षे परळ-लालबागच्या गिरणीत साच्यावर गेली. ‘मुंबई सोडून आला’ असे आपण त्याच्याविषयी सहज म्हणतो. या ‘सोडून’ शब्दाविषयीच मला आज बोलायचे आहे.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. पगारवाढीबरोबरच, एकाच संघटनेला मान्यता देणारा १९४६ चा औद्योगिक संबंध कायदा रद्द व्हावा, अशी त्यांची मागणी होती. संपकाळात हजारो कामगार गावी आले ते परत जाण्यासाठी. संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही, आणि असंख्य कामगारांना कामाने पुन्हा बोलावलेच नाही. कापडाचे उत्पादन यंत्रमागांकडे वळू लागलेच होते, ते आणखी वेगाने वळले. आपल्या इचलकरंजीतही यंत्रमाग धडधडत होते. पण तेथे बारा तासांची पाळी होती, आणि गिरणीत झगडून मिळवलेले हक्क नव्हते.

रोजगारानंतर छप्पर गेले. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमांनी गिरण्यांच्या जमिनीची ढोबळमानाने तीन वाटण्यांत विभागणी ठरवली: एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ मध्ये ही विभागणी केवळ बांधकाम नसलेल्या जमिनीपुरती आखडण्यात आली, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बदल उचलून धरला. गिरण्यांच्या जागी मनोरे उभे राहिले. मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये ३३ लाख ३८ हजार होती, ती २०११ मध्ये ३० लाख ८५ हजारांवर आली. त्याच दशकात उपनगरे मात्र वाढली. माणसे शहराला कंटाळली असती, तर उपनगरांतल्या लोकलच्या दारात ती लटकली नसती.

काही मित्र म्हणतात, ‘यात वाईट काय? आपणच विकेंद्रीकरणाचा आग्रह धरत आलो.’ आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे. परंतु विकेंद्रीकरणात काम आधी गावाकडे जाते, माणूस मागून. येथे माणूस आला, काम आले नाही. राजर्षी शाहूंनी १९०६ मध्ये पाया घातलेली कोल्हापूरची गिरणीसुद्धा आज बंद आहे. म्हणूनच परत आलेल्या कामगाराचा मुलगा पुन्हा पुण्याची किंवा नालासोपाऱ्याची वाट धरतो.

आणखी एक हिशेब आपण मांडलेला नाही. गिरणी कामगाराला मिळे ते एकट्या माणसाचे वेतन. तो गावकीच्या खोलीत पथारी टाके आणि खानावळीत जेवे. शेत, म्हातारे आईबाप, मुले यांचा भार गावी त्याची बायको वाही. तिच्या बिनपगारी कष्टांवर गिरणीचा नफा उभा होता. गिरणी गेल्यावर नवऱ्याचे म्हातारपणही तिच्याच पदरात पडले. आणि ज्याला गावी जमिनीचा तुकडाही नव्हता, त्या दलित, भूमिहीन कामगाराला परतायला जागाच नव्हती. तो झोपडीत राहिला, आणि आपल्या गावाकडच्या गणतीतूनही सुटला.

शासनाने पुढे शेलू-वांगणीच्या घरांचा पर्याय दिला. ज्या गिरणगावात घाम गाळला, तेथून कित्येक कोस दूरचे हे घर. ९ जुलै २०२५ रोजी आझाद मैदानावर जमलेल्या कामगारांनी आणि त्यांच्या वारसांनी मुंबईतच घर मागितले. ही भीक नव्हे. ती उरलेल्या मजुरीची मागणी आहे.

आपल्यापुढे दोन कामे आहेत. एक, प्रत्येक तालुक्यात गिरणी कामगारांची, विशेषतः त्यांच्या विधवांची, गावनिहाय यादी करून त्यांचे घरांचे अर्ज आणि वारसांचे कागद तपासून घेणे. कागदाअभावी एकही हक्क बुडता कामा नये. दुसरे, आजरा-चंदगडच्या तरुणाला आपल्या तालुक्यातच काम मिळावे यासाठी लढा उभारणे. ज्याला गावी राहता येते आणि शहरीही राहता येते, तोच शहर ‘सोडू’ शकतो. आपल्या माणसांना ही निवड कधी मिळालीच नाही. ती मिळेपर्यंत, मित्रहो, ‘मुंबई सोडली’ असे आपण तरी म्हणू नये. मुंबईतून घालवले, असेच म्हणावे.