आकड्यांचा देह

१० डिसेंबर १९५४ रोजी अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात, हॉलोमन येथील हवाईदलाच्या तळावर, जॉन पॉल स्टॅप हे लष्करी वैद्य एका रॉकेटगाडीवर पट्ट्यांनी जखडून घेऊन बसले. रुळांवरून सुटलेल्या त्या गाडीने काही क्षणांत ताशी सुमारे १,०१७ किलोमीटर वेग गाठला आणि पुढच्या अवघ्या १.४ सेकंदांत ती थांबली. स्वतःच्या वजनाच्या चाळीस पटींहून अधिक भार त्या देहाने सोसला. डोळे रक्ताने भरले, काही काळ दृष्टी गेली. पण ती परत आली. मनुष्यदेह किती आघात सोसू शकतो, या प्रश्नाचे उत्तर स्टॅप यांनी स्वतःच्या देहानेच दिले.

परंतु या मार्गाला मर्यादा होती. जिवंत माणसाला इजा होईपर्यंत आघात देता येत नाही. आणि इजा नेमकी कोठे सुरू होते, हेच तर जाणून घ्यावयाचे होते. ते काम मृतांनी केले. डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठात १९३९ पासून शवांवर प्रयोग झाले. कवटीला तडा कधी जातो, छाती किती दबली म्हणजे बरगड्या मोडतात, याची मापे तेथे मिळाली. अशा संशोधनातून झालेल्या सुधारणांमुळे दरवर्षी सुमारे ८,५०० प्राण वाचतात, असा अंदाज तेथील अल्बर्ट किंग यांनी १९९५ मध्ये मांडला.

याच मापांवरून चाचणीचे पुतळे घडले. १९७६ साली अवतरलेला ‘हायब्रिड थ्री’ हा त्यांतला सर्वांत प्रसिद्ध. तो आजही मोटारींत बसून भिंतींवर आदळतो. पण त्याच्या बरगड्या पोलादाच्या आहेत. डोक्याला किती हिसका बसला हे तो सांगतो. यकृत फाटले की नाही, हे सांगत नाही.

ही उणीव संगणकाने भरून काढली. देहाच्या सूक्ष्म छायाचित्रणावरून हाडे, स्नायू, रक्तवाहिन्या व इंद्रिये यांची आकृती घेतात आणि तिचे लक्षावधी लहान तुकडे पाडतात. प्रत्येक तुकडा किती लवचिक आहे, कोणत्या ताणाला तुटतो, हे आकड्यांत लिहितात. मग एका सेकंदाच्या दशलक्षांशाहून लहान अशा पावलांनी, न्यूटनच्या नियमाप्रमाणे, प्रत्येक तुकडा कोठे सरकेल हे संगणक मोजत जातो. डोळ्याचे पाते लवण्याइतक्या अवधीतला अपघात उलगडण्यास त्याला कित्येक तास लागतात. जपानच्या टोयोटा कंपनीने असे ‘थम्स’ नावाचे प्रतिरूप २००० साली प्रथम सिद्ध केले. पुढे २०१० मध्ये त्यात अंतर्गत इंद्रियांची सविस्तर रचना आली, आणि २०२१ पासून ते सर्वांना विनामूल्य खुले झाले.

तथापि आकड्यांचा हा देह मूळ मापांइतकाच खरा असतो. शवाचे स्नायू धडकेपूर्वी आवळले जात नाहीत. धडकेपूर्वी जिवंत माणूस मात्र अंग आवळतो. शिवाय पुष्कळशी मापे वृद्धांच्या देहांवरची आहेत. आणि प्रमाण म्हणून मानला गेलेला पुतळा साधारण १७५ सेंटिमीटर उंचीचा, ७८ किलोग्रॅम वजनाचा पुरुष आहे. मागून धडक बसल्यास मानेची इजा स्त्रियांना अधिक होते, हे ठाऊक असूनही त्यांच्या देहाची प्रतिरूपे फार उशिरा घडली.

भारताला हा प्रश्न विशेष जवळचा आहे. २०२२ साली येथील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. त्यांत दुचाकीवरील माणसे सर्वाधिक, म्हणजे शेकडा ४४ हून अधिक होती, तर ३२,८२५ पादचारी होते. मोटारीत पट्टा बांधून सरळ बसलेला पुरुष हा येथील अपघाताचा प्रातिनिधिक बळी नव्हे. दुचाकीच्या मागे, साडी नेसून, एका बाजूला पाय सोडून, मांडीवर मूल घेऊन बसलेली स्त्री घाटापासून बाजारपेठेपर्यंत सर्वत्र दिसते. तिचा तोल कोणत्या बाजूला जाईल, डोके प्रथम कोठे आपटेल, हे पोलादी पुतळ्याला विचारून कळत नाही.

गणिताच्या प्रतिरूपाला ते विचारता येते. त्याला उंची, वय, बैठक बदलून देता येते, आणि शंभर वेळा आदळूनही ते पुन्हा उभे राहते. मात्र त्यासाठी तिच्या देहाची मापे आधी कोणीतरी घ्यावयास हवीत. स्टॅप यांनी आपला देह पणाला लावला, अनामिक मृतांनी आपले देह दिले. आता उरलेले काम मोजणीचे आहे, आणि त्यात रक्त सांडत नाही. जी माणसे खरोखर रस्त्यावर असतात, त्यांची गणना त्या आकड्यांत व्हावी, एवढेच मागणे आहे.