जमीन कसायला द्या, पण कागदावर



शेतजमीन वाचवायची म्हटलं की आपण आधी बिल्डरला शिव्या घालतो. घालायच्या तेवढ्या घाला, माझी हरकत नाही. पण आज मला बोलायचंय ते पड रानाबद्दल. प्लॉटिंगची फक्की पडते ती बहुतेक वेळा आधी दोन-चार वर्षं पड राहिलेल्या रानात, हे मी सतत पाहत आलेय. मालक पुण्या-मुंबईला, गावी म्हातारी आई, रानात काँग्रेस गवत. एजंट पहिला याच दारात येऊन उभा राहतो. पिकातल्या रानाच्या मालकाला तो जरा बिचकून असतो.

आता दुधाचं बघा. वेळेवर विरजलं तर दही, ताक, लोणी, सगळं मिळतं. ओट्यावर विसरलं तर नासतं, आणि नासलेल्या दुधाला कितीही विरजण लावा, दही लागत नाही. तसंच मावळातल्या इंद्रायणी भाताच्या खाचरावर एकदा मुरूम पडून रोलर फिरला की तिथे पुन्हा चिखलणी होत नाही. पड रान म्हणजे ओट्यावर विसरलेलं दूध. आणि गावात विरजण नाही असं थोडंच आहे? भूमिहीन घरातली पोरं आहेत, मजुरीला जाणाऱ्या बाया आहेत, शहरातून कंटाळून परतलेले आहेत. कसायला तयार आहेत, जमीन नाही. विकत घ्यावी, तर शेतकरी नसलेल्याला कुळकायद्याचं 63 वं कलम आडवं येतं, कलेक्टरची परवानगी लागते. त्याच कायद्यात उद्योगासाठी जमीन घेणाऱ्याला मात्र पुढे सवलत ठेवली गेली! असो. परवानगी मिळाली तरी पैसा कुठून आणणार? म्हणजे वाट्याने नाहीतर खंडाने करणं, एवढाच रस्ता उरतो.

मग मालक देत का नाही? त्याला वाटतं, विरजण घेऊन आलेली बाई पातेलंच उचलून नेईल. ही भीती खुळी नाही बरं. 1948 चा कुळकायदा, त्यानंतर 1 एप्रिल 1957 चा कृषक दिन. त्या दिवशी कसणारी कुळं मालक झाली. पिढ्यान्‌पिढ्या राबणाऱ्यांना जमीन मिळाली, ते योग्यच झालं. पण त्या तारखेनंतर लागलेल्या कुळालाही कायदा जमीन खरेदीचा हक्क देतो, त्यामुळे भीती अजून जिवंत आहे. आणि आजचा मालक काही जमीनदार नव्हे. 1970-71 मध्ये राज्यातलं सरासरी खातं 4.28 हेक्टर होतं, 2015-16 च्या कृषिगणनेत ते 1.34 वर आलं. तेवढ्यातलं गेलं तर त्याच्याकडे काय राहणार?

म्हणून सगळा व्यवहार तोंडी. दोन वर्षं झाली की कसणारा बदल. ज्याला पुढच्या सालाची खात्री नाही, तो शेणखत कशाला टाकेल, बांध कशाला घालेल? बँक सातबारा मागते, त्यावर याचं नाव नाही. गारपीट झाली तर भरपाई सातबाऱ्यावरच्या नावाला, आणि बियाण्याची उधारी याच्या डोक्यावर. ठासून सांगते, कारण हेच ऐकायचं राहून जातं: पातेलं कोणाचं आणि दही किती जणांत वाटायचं, हे कागदावर लिहिलेलं असलं की दोघंही निर्धास्त. मालकी मालकाची, पीक ठरल्या वाट्याने, मुदत संपली की जमीन परत. मुदतीत मात्र कर्ज, विमा, भरपाई कसणाऱ्याला.

हे माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. नीती आयोगाने 2016 मध्ये अशा भाडेपट्ट्याचा नमुना कायदा राज्यांपुढे ठेवला. आंध्र प्रदेशाने 2019 मध्ये 11 महिन्यांच्या कराराचा कायदा केला, त्यात कसणाऱ्याला पीक घेण्याच्या हक्काचं कार्ड मिळतं. तिथेही मालक सही करायला कां-कूं करतात. त्यावर उपाय काय, तर ग्रामपंचायतीने मध्ये उभं राहून... पण तो विषय मोठा आहे आणि स्टुडिओच्या काचेपलीकडून मला वेळ संपल्याची खूण झालेली आहे.

एक राहिलंच. गुंठेवारी, म्हणजे शेतजमिनीचे गुंठ्या-गुंठ्याने बेकायदा पाडलेले प्लॉट. 2001 साली कायदा केला, ठरावीक तारखेपर्यंत झालेलं नियमित करून देऊ म्हणाले. मग 2021 मध्ये ती तारीख पुढे ओढून 31 डिसेंबर 2020 वर आणली. तारीख अशी सरकत राहिली, तर नियम पाळून शेती राखणारा वेडाच ठरतो की नाही, तुम्हीच सांगा.

तर येत्या ग्रामसभेत हा विषय काढा. आमदार दारात आले की विचारा, मालक आणि कसणारा दोघांनाही सांभाळणारा भाडेपट्टा आमच्या तलाठ्याच्या दप्तरात कधी दिसणार? आणि ज्यांचं रान पड आहे त्यांनी एजंटला फोन लावण्याआधी गावात एकदा विचारून बघा, हे रान करायला कोण तयार आहे.